एकशेऐंशी नंबरचा पेपर

चाचा,

तुम्हाला जाऊन परवा चाळीस दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत तुमच्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यातलं निम्मं खोटं आहे. हमीदभाईंनी म्हणे कधी कोणावर आवाज चढवला नाही. हे सांगणाऱ्या गृहस्थांनी तुम्हाला लेथवर वाडगा फुटल्यावर पाहिलेलं नाही. दुसरे म्हणाले, माणूस लोण्यासारखा मऊ. मी मान खाली घालून बसले होते म्हणून बरं, नाहीतर चाळिसाव्याला येऊन हसली म्हणून माझं नाव झालं असतं. तुम्ही हट्टी होतात, तिरसट होतात, आणि आपलं चुकलं हे कबूल करायला तुम्हाला सरासरी तीन दिवस लागायचे. मला चार लागतात, हेही तुम्हीच मोजून सांगितलं होतं.

तुमच्या भाच्याने बायकांत माझी ओळख करून दिली. "ह्या सुनंदाताई. मामूंकडे घासायला असतात." शेजारच्या बाईने लगेच विचारलं, "किती घरची भांडी करता?" अकरा वर्षं मी तुमच्या लाकडाच्या वाडग्यांना काचपेपर मारला, तेल लावलं, मेण लावलं. आमच्या वाडीतही लोक हेच समजतात की सुनंदा खाडीवर मुसलमानांकडे भांडी घासते. एकदा मी चिडून हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मग काय खोटं बोलतात? वाडगा म्हणजे भांडंच की गो."

मला रडू आलं नाही. मयतीच्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चाची माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी हात उलटा धरून फिरवतेय, बोटांच्या मागच्या बाजूने, तुम्ही वाडगा तपासायला शिकवलात तसा. मला माझीच लाज वाटली. पण हात तसाच फिरत राहिला.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सहा वर्षं राहिली आहे. ती सांगायला बसले आहे, पण आधी जरा मागचं बोलते, म्हणजे मला धीर येईल.

मी तुमच्याकडे आले ती काजूच्या कारखान्यातून. टरफलाच्या तेलाने हात काळे, बोटांची साल निघालेली. आमचे हे मुंबईला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणार. काजू सोडायचा होता, पण दुसरं करणार काय? तुमच्या मांगरात मदतीला बाई हवी आहे असं कळलं म्हणून आमच्या वाडीवरून कातळाचा सडा उतरून खाली आले. खाडीच्या काठाला पत्र्याचा मांगर, आत लाकूड फिरवून कातायचे दोन लेथ, थोरला आणि धाकटा, आणि भिंतीला टांगलेल्या लाकडाच्या कप्प्या. मी विचारलं, ह्या कसल्या? तुम्ही म्हणालात, गलबताच्या. तुमच्या बापाने आणि तुम्ही जन्मभर होड्यांना कप्प्या आणि मुठी कातून दिल्या, मग होड्या फायबरच्या झाल्या आणि कप्प्या भिंतीवर गेल्या. आता फणसाचे वाडगे कातायचे आणि गणपतीपुळ्याच्या दुकानांत द्यायचे, पाहुणे घेतात. हे सगळं तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. मग माझा हात मागितलात. मी दचकलेच. तुम्ही तो उलटासुलटा करून पाहिलात आणि म्हणालात, "ह्या हाताला लाकूड चालेल. जळलेला हात हलका पडतो."

माझ्या त्या हातांबद्दल तोवर कोणी धड बोललं नव्हतं. बस, एवढंच.

काम तुम्ही वाटून दिलं होतं. वाडग्याची बाहेरची बाजू माझी, आतली तुमची. बाहेरून कोणीही घासेल, म्हणायचात, आत घासणं म्हणजे लाकडाच्या पोटात हात घालणं. पेपरच्या तीन घड्या करायच्या, दोन नाहीत आणि चार नाहीत. लेथ सुरू ठेवून बोटं आत घालायची. सगळ्यात खरखरीत ऐंशी नंबरपासून सुरुवात, मग एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस. एकेका नंबरचे ओरखडे पुढच्या नंबरने पुसायचे. मधला नंबर गाळायचा नाही. हे तुम्ही पहिल्या आठवड्यात मला इतक्या वेळा ऐकवलंत की मी झोपेत बडबडायला लागले असेन. "नंबर गाळला की लाकूड लगेच सांगत नाय," तुम्ही म्हणायचात. "गप राहतं. मग कधीतरी चारचौघांत सांगतं."

आणि सगळ्यात शेवटी तो तुमचा खरवतीचा पाला. खरवतीची खरखरीत पानं वाळवून जुडी बांधून ठेवायची, जरा ओलसर करायची आणि तीनशेवीस झाल्यावर वरून फिरवायची. तुमच्या बापाच्या वेळी पेपर कुठे होता, सगळं पानांवरच चालायचं. पानाने जी झळाळी येते ती कुठल्याच पेपरने येत नाही, असं तुमचं म्हणणं. मला फरक कधी दिसला नाही. आपण त्यावर किती भांडलो! एकदा मी दोन वाडगे ठेवले, एक पानाचा आणि एक बिनपानाचा, आणि सांगितलं, ओळखा. तुम्ही ओळखलात. मी म्हटलं, नशीब. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चाचा, पानाबद्दल तुमचं चुकतच होतं. आता तुम्ही नाही म्हणून मी माघार घेईन असं समजू नका.

मग तुमचं बोट अडकलं. फणसाचा मोठा वाडगा होता, कड आत वळलेली, आणि आत हात घालून तुम्ही कोणाशी तरी बोलत होतात. बोलत होतात, चाचा! मला कामात बोलू देत नव्हतात आणि स्वतः बंदरावरच्या कोणाला तरी सुरमईचा भाव सांगत होतात. बोट कडेत गेलं आणि पिरगळलं, नख उलटलं. मी धावत जाऊन लेथ बंद केला, तुमच्या हाताला माझा पदर गुंडाळला आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही पांढरे पडला होतात. तरी म्हणालात, "लाकडाची काय चूक?" मी म्हटलं, "लाकडाची नाही हो, अकलेची!" रत्नागिरीला डॉक्टरांनी सांगितलं, ह्या हाताचे सांधे आधीच गेलेत, आता असलं काम बंद.

दहाव्या दिवशी तुमचा हात पुन्हा वाडग्यात.

माझं डोकं फिरलं. मी तडक घरी गेले. मुलाची जुनी सायकल पडवीत गंजत होती, तिचं पायडल सोडवलं. मोबाईलवर कुठल्याशा परदेशी बाबाला मी पाहिलं होतं. एका मुठीला फिरती चकती बसवलेली, चकतीला पेपर, आणि ती नुसती वाडग्याच्या आत टेकवली की वाडग्याबरोबर आपोआप फिरते. बोटं बाहेरच. पायडलाच्या दांड्याला मी सागाची मूठ ठोकली. फिरत्या भागावर रबरी चपलेचा तळ गोल कापून चिकटवला, त्यावर मुलाच्या फाटक्या सँडलची चरचर उघडणारी चिकटपट्टी. मागे चिकटपट्टी असलेल्या पेपरच्या चकत्या ह्यांना मुंबईहून आणायला सांगितल्या. आणि एका सोमवारी ते धूड तुमच्यापुढे ठेवलं.

तुम्ही पोट धरून हसलात. "सायकल! आता लाकडावर सायकल चालवतेस काय गो?" त्या दिवसापासून त्याचं नाव सायकलच पडलं. बंदरावर जाऊन तुम्ही सगळ्यांना सांगून आलात, आमची सुनंदाबाय चप्पल मारून लाकूड गुळगुळीत करते.

मी म्हटलं, लावा पैज.

तुम्ही पैजेचं माणूस, लगेच तयार. एका ओंडक्याचे दोन सारखे वाडगे तुम्हीच कातलेत. एक तुमचा, तुम्ही थोरल्या लेथवर, बोटांनी. एक माझा, मी धाकट्यावर, सायकलने. दुपारच्या जोहरच्या अजानच्या आत आतली बाजू पुरी करायची, सगळे नंबर, ज्याची आधी होईल तो जिंकला. "तुझी सायकल जिंकली," तुम्ही म्हणालात, "तर परत वाडग्यात बोट घालणार नाय. जबान देतो. आणि मी जिंकलो तर ते पायडल खाडीत."

सुरू केलं. पहिल्या दोन नंबरांतच मला कळलं की मी हरतेय. सायकल चांगली होती, पण माझा हात नवा होता, ती नाचायची, दाबलं की थांबायची. एकशेवीस संपवला आणि मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही एकशेऐंशीवर होतात, निम्म्याच्या पुढे. तुमचं मधलं बोट सरळ होत नव्हतं, ते डाव्या हाताने दाबून धरलं होतंत आणि पेपरच्या घडीला लाल लागलं होतं. तुमचं तिकडे लक्षही नव्हतं. तुम्ही आत बघत होतात आणि तुमचा चेहरा, काय सांगू, नातवाला न्हाऊ घालताना असतो तसा झाला होता.

मी एकशेऐंशीची कोरी चकती माझ्या पायातल्या चपलेखाली सरकवली आणि दोनशेचाळीसची लावली.

हे घ्या. सांगितलं. सहा वर्षांत जे तोंडातून निघालं नाही ते एका ओळीचं होतं.

अजानच्या आधी आणि तुमच्याही आधी माझा वाडगा पुरा झाला. तुम्ही आलात, ओलं फडकं फिरवलंत, डोळे मिटून बोटांच्या मागच्या बाजूने चाचपलंत. फणस ताजा कातला की हळदीसारखा पिवळा असतो, त्यात बारीक ओरखडा सहसा दिसत नाही, आणि वाडगा मी मुद्दाम दाराकडे पाठ करून धरला होता. तुमची बोटं तळापर्यंत जाऊन पुन्हा कडेला आली. मग म्हणालात, "जिंकलीस, बाय." पान फिरवायला बोटंच लागतात, म्हणून खरवतीची जुडी उचललीत आणि वर वाशाला खोचून ठेवलीत.

हे मी तुमच्या हातासाठी केलं, असं म्हणायला फार सोपं आहे, आणि मी स्वतःला वर्षानुवर्षं तेच सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मला जिंकायचं होतं. बंदरावर माझ्या चपलेला हसणाऱ्यांना दाखवायचं होतं. आणि तुमचा हात वाचला तरी मी तुमच्याकडून काय काढून घेतलं ते मला लवकरच दिसलं. तुम्ही जबान पाळलीत. त्या दिवसापासून शेवटपर्यंत तुम्ही वाडग्यात बोट घातलं नाहीत. वाडगा कातून माझ्या पुढ्यात ठेवायचात आणि स्टुलावर बसायचात, आणि तुमचा उजवा हात तुमच्याच गुडघ्यावर फिरत राहायचा, तीन घड्यांचा पेपर धरल्यासारखा. लुंगीला तिथे झिजून विरविरीत भाग पडला होता. चाचीला वाटायचं, गुडघा दुखतो.

खोटं बोलून मी तुमचं अर्धं काम हिसकावलं, चाचा. चांगल्यासाठी असेल, पण हिसकावलं.

आणि पुढे तर गंमतच झाली. तुम्ही पुळ्याच्या दुकानदाराला सांगून बसलात, आमच्याकडे आतली बाजू आता तासात होते. तासात! सगळे नंबर नीट केले तर त्याला दीड तास लागत होता. एकशेऐंशीलाच अर्धा तास जातो, एकशेवीसचे सगळे ओरखडे त्यानेच काढायचे असतात. खरं सांगावं तर पैज बाद होणार आणि तुमचं बोट परत वाडग्यात जाणार. न सांगावं तर वाडगा कच्चा जाणार, आणि ते मात्र माझ्याने पुन्हा झालं नसतं. एकदा केलं त्यानेच माझी झोप उडाली होती.

म्हणून मी तोड काढली. संध्याकाळी एकशेवीसपर्यंत आणून ठेवायचं. सकाळी कामाची वेळ साडेआठची, तर आपण आठलाच यायचं. तुम्ही फजरची नमाज पढून बंदरावर जाता, मासळी घेता, गप्पा मारता, साडेआठशिवाय फिरकत नाही, हे मला ठाऊक होतं. किल्ली माझ्याकडे होतीच. आठ ते साडेआठ खराखुरा एकशेऐंशी. मग तुम्ही आलात की तुमच्या देखत पाच मिनिटं तोंडदेखला एकशेऐंशी, आणि पुढचे नंबर. असं मी सहा वर्षं केलं. पावसात केलं, ताप असताना केलं. आठला पोचायचं म्हणजे सड्यावरून साडेसातला निघायचं, घरात स्वयंपाक त्याच्या आधी. सासूबाई म्हणायच्या, त्या चाचाने तुला बांधून घेतलंय काय? मी काय सांगणार, कपाळ माझं!

तुम्ही दर वेळी बरोबर साडेआठला यायचात. एक मिनिट आधी नाही. दारात येण्याआधी खाकरायचात, मोठ्याने. मला वाटायचं, विडीचा खोकला.

एकदाच मी सापडता सापडता वाचले. तुम्ही पेपरची यादी करत होतात आणि म्हणालात, "बाय, एकशेऐंशी फार लागतो गो तुला. पाच मिनिटांच्या कामाला एवढ्या चकत्या?" मी म्हटलं, "फणसाला चीक असतो चाचा, पेपर भरतो." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग यादीकडे पाहिलंत. "हां," म्हणालात, "चीक असतो." आणि एकशेऐंशीच्या पुढे आकडा वाढवून लिहिलात. मी मनात म्हटलं, सुटले बाई.

चाचा, वर्षभर वाळवून मग कातलेल्या फणसाला कसला आलाय चीक? हे तुम्हाला कळत नव्हतं? मला तेव्हा एवढंही सुचलं नाही. चोराला आपली चोरी सोडून दुसरं काही दिसत नाही हेच खरं.

सांगायचं मात्र दर वर्षी ठरवायचे. ईदला शीरखुर्मा प्यायला आले की सांगू. गणपतीत तुम्ही आमच्याकडे मोदक खायला येता तेव्हा सांगू. मोदक खाऊन तुम्ही ह्यांच्याजवळ माझं कौतुक करायचात, "तुमची बायको काय हात राखून काम करत नाय," आणि मी आत भांडी आपटायला जायचे. असं कौतुक ऐकलं की जीव नकोसा व्हायचा. शेवटच्या दिवशीही तेच. तुम्ही एक वाडगा कातून दिलात, मी तो संध्याकाळी एकशेवीसपर्यंत आणला आणि धाकट्या लेथवर तसाच ठेवला. निघताना तुम्ही म्हणालात, "उद्या पुरा होईल ना?" मी म्हटलं, "न व्हायला काय झालं?" दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी आले तर मांगरापुढे माणसं उभी होती.

त्यानंतर मी मांगर उघडला नाही. चाळीस दिवस तो वाडगा तसाच राहिला.

परवा चाळिसाव्याला गर्दी ओसरल्यावर चाचीने मला आत बोलावलं. ती इद्दतीत आहे, बाहेर येत नाही, आतल्या खोलीत खिडकीशी बसून असते. माझ्यापुढे तिने खजूर ठेवले. खजूर एका वाडग्यात होते. मी एक उचलला आणि माझा हात तिथेच थांबला.

पैजेचा वाडगा. मला वाटत होतं तो केव्हाच पुळ्याला विकला गेला. सहा वर्षांत फणस हळदीचा तपकिरी झाला होता, आणि तेलकट हातांनी ओरखड्यांत काळं भरून सगळे ओरखडे वर आले होते. खिडकीचं ऊन तिरपं पडत होतं, त्यात एकूण एक दिसत होता. बोटाने घासलेल्याचे ओरखडे गोल जातात, चाचा, तुम्हाला सांगायला नको. हे कुरळे होते. सायकलशिवाय असे कोणाचे उठत नाहीत. आणि कुठल्या नंबरचे ते विचारायलाच नको, एकशेवीसचे.

"हा घरात कसा?" मी विचारलं.

"हा तर पहिल्यापासून घरात हाय," चाची म्हणाली. "दुकानात देऊ का विचारलं तर बोलले, नको, ह्याच्यात एक नंबर कमी हाय. माझ्यापाशीच ठेव."

चाची तिच्याच नादात होती. खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाली, "हितं बसायचे बघ. मासळी घेऊन आठाच्या आधी परत यायचे, पिशवी माझ्या हातात द्यायचे नि हितं बसून राहायचे मांगराकडे बघत. मी बोलायची, अवो जावा की कामाला, बाय येऊन कवाची लागली. तर बोलायचे, थांब जरा. तिचा एकशेऐंशी होऊ दे." तिने डोळे पुसले. "रोजचं होतं गो. एक दिवस चुकला नाय. ते एकशेऐंशी म्हणजे काय असतं?"

मी म्हटलं, "पेपरचा नंबर असतो, चाची." आणि मग रडले. चाळीस दिवसांचं रडले. चाची घाबरली, पाणी घेऊन आली, म्हणाली, एवढं काय झालं तुला? तिला काय सांगणार?

तुम्ही जबान पाळलीत, चाचा, ती खोटी पैज आहे हे माहीत असून पाळलीत. मला पकडणं तुम्हाला एका मिनिटाचं काम होतं. दहा मिनिटं लवकर यायचं, बस. ते तुम्ही सहा वर्षं केलं नाहीत. वर दारात खाकरायचात, मला आवरायला वेळ मिळावा म्हणून. आणि मी तुम्हाला म्हणायचे, विडी सोडा!

ह्याचा मला रागही आला आहे, खरं सांगते. निदान एकदा हसून म्हणायचं होतंत की बाय, पुरे आता, साडेआठला येत जा. मीही मोकळी झाले असते, पावसात सडा उतरायचं तरी वाचलं असतं. पण तुम्ही कसले बोलणार? तुम्ही बोलला असतात तर मला कबूल करावं लागलं असतं, आणि त्याला मला चार दिवस लागतात, हे तुम्हाला माहीत होतं.

आज सकाळी मी मांगर उघडला. साडेआठलाच आले, आठला नाही. वाशावरची खरवतीची जुडी काढायला गेले तर तिचा हातात चुरा झाला, तेव्हा पानाचा प्रश्न तसाच राहिला. धाकट्या लेथवर तुमचा शेवटचा वाडगा होता. धूळ पुसली, दार सताड उघडं ठेवलं, घराकडचं, सहा वर्षं आठला मी जे लावून घ्यायचे ते. सायकलला एकशेऐंशीची चकती लावली आणि लेथ सुरू केला. घाई केली नाही. अर्ध्या तासाला पाच मिनिटं वरच लागली. डोळे मिटून, बोटं उलटी करून, कडेपासून तळापर्यंत चाचपलं. कुठे काही राहिलेलं नाही.

लेथ बंद केला. समोर तुमच्या खिडकीत चाची बसली होती, मांगराकडे बघत.

झाला, चाचा. एकशेऐंशी झाला. या आता.